राखाडी ट्रेतला राखाडी कागद

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. ज्यात चहाचे कप मांडतात तो मी नव्हे. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत तुम्ही ज्यात बूट, पट्टा, मोबाइल आणि थोडीशी ऐट उतरवून ठेवता, तो राखाडी, पसरट, प्लॅस्टिकचा ट्रे. माझ्या एका कोपऱ्याला बोटभर भेग आहे. तिच्यामुळेच मला आज काही सांगण्यासारखे आहे, नाहीतर आम्हा ट्रेंचे आयुष्य विचारतो कोण!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी मी नुसते दाणे होतो. मग मला वितळवले, साच्यात दाबले, आणि बाहेर काढले तेव्हा माझ्यासारखी हजारभर भावंडे शेजारी गार होत पडली होती. आम्हाला खोक्यात भरताना कोणीतरी म्हणाले, "हे विमानतळाचे." झाले! आम्ही सगळे हरखून गेलो. विमानतळावर जायचे म्हणजे आता उडायचेच, असे आम्हाला वाटले.

प्रत्यक्षात माझा प्रवास वीस पावलांचा निघाला. टेबलावरून सरकत्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून बोगद्यात, बोगद्यातून पलीकडच्या रुळांवर. तिथे लोक आपापले सामान उचलतात आणि निघून जातात. मग रिकामे ट्रे एकावर एक रचायचे, हातगाडीवर घालायचे आणि ढकलत पुन्हा सुरुवातीला आणायचे. आयुष्यभर मी एवढाच हिंडलो. विमान म्हणाल तर त्याचे मी फक्त शेपूट पाहिले आहे. रुळांच्या पलीकडे एक मोठी काच आहे, तिच्यातून दुपारच्या उन्हात शेपट्या सावकाश सरकत जातात. त्या कुठे जातात हे मी प्रवाशांच्या बुटांवरून ताडतो. कधी बुटांना वाळू असते, कधी गवत, कधी कोणाच्या तरी अंगणातली लाल माती.

पण मला बोगदा मिळाला, आणि तो सगळ्यांना मिळत नाही. पडद्याच्या झालरी अंगावरून गेल्या की आत अंधार होतो. त्या अंधारात एक न दिसणारा उजेड असतो आणि तो वस्तूंच्या पोटात शिरतो. क्षणभर सारे काही आरपार होते. छत्रीच्या काड्या, टाचेतले खिळे, बाहुलीच्या पोटातली शिट्टी. मला नेहमी वाटते की त्या क्षणी वस्तू झोपेत बोलतात. बूट म्हणतात, किती चाललो रे. किल्ली म्हणते, दार नीट ओढून घेतले ना? आणि एखादे जुने घड्याळ काहीच न म्हणता टिकटिक करत राहते. पुन्हा झालरी येतात, उजेड येतो आणि सगळ्या वस्तू शहाण्यासारख्या गप्प होतात.

माणसे मात्र गप्प नसतात. घरी आठवडाभर तयारी करूनही इथे आली की निम्म्यांची त्रेधा उडते. पाण्याची बाटली रिकामी करून आणायची हे ज्याला ठाऊक असते, तोच खिशातली नखे कापायची कात्री विसरतो. कोणी गुडघ्यापर्यंत नाड्यांचे बूट घालून येतो आणि मागच्या रांगेचे शिव्याशाप घेतो. कोणी चष्मा माझ्यात ठेवून चष्माच शोधतो. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी त्यांना हसतो खरा, पण मनातून मला त्यांची दया येते. घर सोडताना माणसाचे अर्धे चित्त उंबऱ्यातच राहिलेले असते.

आम्हाला रचण्याचे काम करायचे ते मामा. कोणाचे सख्खे मामा होते देव जाणे, पण तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची एक सवय होती. ट्रे उचलला की रचण्याआधी ते तळहात त्याच्या चारी कोपऱ्यांतून एकदा फिरवत. ट्रे रिकामा दिसत असला तरी फिरवत. बाकीचे थट्टा करत, "मामा, ताट चाटूनपुसून लख्ख करताय काय?" मामा हसून म्हणत, "डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं." फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एका बाईची अंगठी ट्रेसकट रचली गेली होती आणि ती पुन्हा सापडली नव्हती. तेव्हापासून हा हात सुरू झाला. दिवसातून कितीदा तरी तो कोमट, खरखरीत हात माझ्यावरून फिरे, आणि खरे सांगतो, माझ्या आयुष्यातली तेवढीच माया होती.

मग एकदा मी गाडीवरून पडलो आणि माझा कोपरा तडकला. त्या दिवसापासून मी खाली मान घालून वागू लागलो. भेगाळलेले ट्रे बाद करतात, हे मी ऐकून होतो.

आणि एके दिवशी सकाळी आजी आल्या.

त्या दिवशी रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढली होती. तपासणीच्या प्रमुख बाई फेऱ्या मारत होत्या. कामगार त्यांना पाठीमागे 'घाईबाई' म्हणत. त्या मामांपाशी थांबल्या.

"मामा, ते हात फिरवणं आज बंद. ट्रे पुरत नाहीत पुढे."

"बाई, एक क्षण लागतो."

"शंभर ट्रेंचे शंभर क्षण होतात. भराभर रचा."

मामांनी मान हलवली आणि भराभर रचू लागले.

इकडे आजींनी मला उचलून टेबलावर ठेवले. हडकुळ्या, ताठ, निळा कोट घातलेल्या. त्या शिवणकाम करणाऱ्या होत्या हे मला त्यांच्या बोटांवरून कळले. सुईने टोचलेली बोटे लपत नाहीत. हातात एक घडी घातलेला जाड कागद होता. मागच्या तरुणीला त्या सांगत होत्या, "पहिल्यांदाच चाललेय हो विमानानं, तेही एकटी. नातीनं सगळं लिहून दिलंय. माझ्याच कटिंगच्या कागदावर लिहिलंय, म्हणजे फाटायची भीती नाही."

"कुणाकडे चाललात आजी?"

"ताईकडे. थोरली बहीण माझी. उद्या सकाळी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर दिसेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. म्हणाली, त्याआधी एकदा तुझं तोंड बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे. आज नाही पोचले तर..."

कागद मला वाचता आला, कारण तो त्यांनी माझ्यातच उघडून पाहिला. मोठ्या, गोल अक्षरांत लिहिले होते: 'पाण्याची बाटली आत जाण्याआधी रिकामी कर. कात्री आणि सुया मोठ्या बॅगेत. ओळखपत्र आणि बोर्डिंग पास नेहमी या कागदाच्या घडीत ठेव. तपासणीला आलीस की हातातलं आणि खिशातलं सगळं ट्रेत ठेवायचं. सगळं म्हणजे सगळं, आजी!' आणि तळाशी, 'घाबरू नकोस. मोठ्या आजीला माझा पापा दे.'

सगळं म्हणजे सगळं. आजी आज्ञाधारक. त्यांनी पर्स ठेवली, बूट ठेवले, आणि ओळखपत्र व पास घडीत घालून तो सूचनांचा कागदही माझ्या कोपऱ्यात ठेवून दिला. कागद राखाडी, मी राखाडी. बोगद्यात बूट घसरले, त्यांच्या टाचेने कागद रेटला गेला आणि त्याची कड माझ्या भेगेत जाऊन बसली.

पलीकडे आजी चौकटीतून आल्या आणि यंत्र किंचाळले. पुन्हा आल्या, पुन्हा किंचाळले. तपासणाऱ्या बाईने कोट उलटून पाहिला, तर आतल्या बाजूला ओळीने सात टाचण्या!

"अगंबाई! या तिथेच असतात हो," आजी लाजेने लाल झाल्या. "चाळीस वर्षं झाली, मला त्या आता टोचतसुद्धा नाहीत."

कात्री, सुया सगळे त्यांनी मोठ्या बॅगेत घातले होते. टाचण्या या त्यांच्या लेखी सामान नव्हतेच, त्या अंगाचाच भाग होत्या. लोक हसले. त्या गोंधळात आजींनी घाईने बूट चढवले, पर्स घेतली, माझ्यात एकदा डोकावल्या आणि गेल्या. त्यांना रिकामा ट्रे दिसला.

मामांनी मला उचलले. हात फिरवला नाही. माझ्यावर दुसरा ट्रे बसला, त्यावर तिसरा, आणि मी अंधारात गेलो. मित्रांनो, ओरडता येत नाही याचे दुःख मला त्या दिवशी कळले. कागदाची घडी माझ्या भेगेत होती आणि मी मनात घोकत होतो, मामा, एकदा, फक्त एकदा!

किती वेळ गेला कोण जाणे. मग आजींचा आवाज आला. धापा टाकणारा, रडवेला.

"अहो, माझा कागद राहिलाय इथे! त्यात ओळखपत्र आहे, पास आहे. विमानाच्या दाराशी मागितला तेव्हा कळलं."

"आजी, पर्समध्ये बघा नीट," घाईबाई म्हणाल्या.

"तीनदा उलटी केली हो पर्स. वीस मिनिटांत दार बंद करणार म्हणतात. आज मला जायलाच हवं. ती वाट बघत असेल."

लोकांनी जमीन पाहिली, रुळांखाली पाहिले. काही नव्हते. तेवढ्यात मामा हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आज मी हात फिरवला नाही."

"का नाही फिरव..." घाईबाई बोलता बोलता थांबल्या. का नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी वायरलेसवर दोन शब्द सांगून तो टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ती गाडी घ्या, मी ही घेते. आजी, तुम्ही बसा. दाराशी कळवलंय मी, थोडं थांबा म्हणून."

आजी बसल्या नाहीत. तिघेही आम्हाला एकेक करून उतरवू लागले. ट्रे उचलायचा, हात फिरवायचा, बाजूला ठेवायचा. घाईबाईंचा हात तर इतका सावकाश, इतका नीट फिरत होता की मला ऐकून नवल वाटले. वरचा भार हळूहळू कमी झाला. उजेडाची फट दिसली. आणि तो ओळखीचा, कोमट, खरखरीत तळहात माझ्यावर आला. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यात बोट भेगेवर अडखळले.

"इथं काहीतरी आहे," मामा म्हणाले.

आजींचा जीव भांड्यात पडला असे तुम्ही म्हणाल. तो माझ्यात पडला. कागद कोटाच्या खिशात घालून त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मग घाईबाईंनी त्यांची पर्स काखोटीला मारली आणि त्यांना घेऊन धावत सुटल्या. घाईबाईंची घाई तेवढी एकदा खरी उपयोगाला आली. थोड्या वेळाने काचेतून एक शेपूट सरकत गेले आणि मी ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले.

संध्याकाळी भेग मोजली गेली. मला बाद करण्याचे ठरले. घाईबाई म्हणाल्या, "तो राहू दे." त्यांनी मला रुळांच्या शेवटी एका टेबलावर ठेवले आणि माझ्यावर स्वतःच्या अक्षरात पाटी चिकटवली: 'निघण्याआधी ट्रेतून एकदा हात फिरवा.' शेवटी मी एका जागी बसलो. वीस पावलांचा प्रवासही संपला.

दीड महिन्याने आजी परत आल्या, तेव्हा विमानातून उतरल्यावर घाईबाईंची परवानगी काढून मुद्दाम माझ्यापाशी आल्या. या खेपेला त्या एकट्या नव्हत्या. त्यांचा दंड धरून काळा चष्मा घातलेल्या, तशाच हडकुळ्या, तशाच ताठ बाई सावकाश चालत होत्या. ऑपरेशनने नजर वाचली नव्हती. आता त्या धाकट्या बहिणीकडेच राहणार होत्या.

"ताई, हाच तो ट्रे."

ताईंनी हात पुढे केला. पाटी त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांचा तळहात माझ्या कडेवरून निघाला, एकेक कोपरा चाचपत आला आणि भेगेवर थांबला. तिथे त्यांनी बोट तसेच ठेवले.

"हीच का गं ती?"

"हीच."

"मी शेवटचं जे पाहिलं ना," ताई माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, जणू मी माणूसच होतो, "ते हिचं तोंड. घामाघूम, केस विस्कटलेले, नाक लाल. इतकं ध्यान दिसत होती! आता तेच रोज बघते मी." आणि त्या हसल्या. आजीही हसल्या, पण कोटाच्या बाहीने डोळे पुसत. त्या कोटात आता एकही टाचणी नव्हती.

मित्रांनो, तुम्ही कधी प्रवासाला निघालात तर कागद नीट ठेवा, बाटली रिकामी करा, वेळेच्या आधी या. आणि निघताना, पुढे उडायची कितीही घाई असली तरी, आमच्या चारी कोपऱ्यांतून एकदा हात फिरवून जा. बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही. पण फिरवा. कुठेतरी कोणीतरी तुमचे तोंड पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवून बसलेले असते.