चारशे जादा फेऱ्या

वाचनालयाची पुस्तकयादी उघडायला बावन्न सेकंद लागत होते आणि अकरा वाजता अध्यक्ष ती पुन्हा बघायला येणार होते. पसंत पडली नाही, तर माझा प्रोग्राम बाद आणि कार्डांची जुनी कपाटं परत. इथल्या ग्रंथपाल म्हणजे माझ्या सासूबाई. "आमची सून करेल, मी शब्द देते," असं त्या छातीठोकपणे सांगून बसल्या होत्या. म्हणजे नाक कापलं जाणार ते त्यांचं.

मी आधी सर्व्हरला शिव्या घातल्या, मग इंटरनेटला. माझं चुकलं असेल, हा विचार सगळ्यात शेवटी. पुस्तकांबरोबर त्यांचे लेखकही एकदमच मागवायचे, ही ओळ मी स्वतः लिहिली होती. पिशवी भरून सगळं सामान एकाच खेपेत आणावं, तसं. ओळ जागच्या जागी होती.

शेवटी डेटाबेसकडे जाणाऱ्या मागण्यांची नोंद उघडली. स्क्रीनवर ओळी धबाधब पडायला लागल्या. सासूबाई चष्मा सावरत मागे उभ्या राहिल्या.

"अगं, सगळ्या ओळी सारख्याच आहेत की! नुसता एक आकडा बदलतोय."

"तो पुस्तकाचा क्रमांक आहे, आई."

"मग प्रत्येक पुस्तकाचे लेखक परत का विचारतेस? सगळे एकदमच आणलेत म्हणाली होतीस ना?"

"आणलेत हो! मी काय वेडी..." आणि माझी नजर ओळींच्या शेवटाकडे गेली.

प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, नावांच्या क्रमाने. एका पुस्तकाचे दोन-तीन लेखक असले की नावं क्रमाने दिसावीत, म्हणून मी यादीच्या पानावर प्रत्येक पुस्तकापाशी तो क्रम मागितला होता. बिचारा प्रोग्राम आधी आणलेले लेखक त्या क्रमात नाहीत म्हणून ते बाजूला ठेवून दरवेळी नव्याने धावत होता. चारशे पुस्तकं, चारशे जादा फेऱ्या.

पानावरचा क्रम खोडला आणि पहिल्याच मागणीत घातला. यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली. आम्ही दोघींनी एकमेकींना टाळ्या दिल्या.

अध्यक्ष आले, यादी बघून चकित झाले. "काल तर हे रांगत होतं. चूक कोणाची होती?"

"माझी," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "नावं क्रमाने हवीत, हा हट्ट माझाच."

मला भरून आलं. पण त्यांच्या आड लपणं काही जमेना.

"हट्ट बरोबर होता. मी तो चुकीच्या जागी लिहिला," मी म्हणाले.

अध्यक्ष हसले आणि मंजुरीच्या कागदावर सही करून निघून गेले.

"मी सावरून घेत होते ना? गप्प बसता येत नाही तुला?" सासूबाईंनी मला दटावलं, पण त्यांचा चेहरा खुलला होता.