रॉइसच्या बंदुकीचा पट्टा

रॉइस दुकानात शिरला आणि वेल्डाची नजर आधी त्याच्या बंदुकीवर गेली. हीच ती. वसंतात हिनेच त्याने तिच्या डस्टीला गोळी घातली होती. वासरांच्या मागे लागलं होतं म्हणे! दात पडलेलं म्हातारं कुत्रं ते. पोटात गोळी घेऊन सरपटत घरी आलं आणि तिच्या दारात तळमळून तळमळून मेलं. रॉइसच्या तोंडून साधं 'चुकलं' निघालं नाही.

"सोडतीत नाव लागलं, वेल्डा! रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना! आयुष्यात एकदाच मिळतो. बाप अर्ज करकरून मेला बघ माझा. आता पट्टा दे एक झकास."

"बाप तुझा भला माणूस होता," वेल्डा म्हणाली. "हा रुंद मऊवाला नुसता खांद्यावर मिरवायला. नेम धरायचाय ना? मग हा घे."

जाड कातड्याचा, दंडाला फेरा घालायचा पट्टा होता तो. वायोमिंगच्या त्या खोऱ्यात घोड्यांची जीन आणि बंदुकांचे पट्टे शिवावेत वेल्डानेच. तिने रॉइसला जमिनीवर बसवलं, कोपर गुडघ्यावर टेकवायला लावलं, फेरा डाव्या दंडात चढवला आणि एकेक भोक पुढे सरकवत पट्टा आवळला.

"अगं, हात तोडतेस का माझा?"

"तुटू दे. बघ, आता हलतेय का नळी?"

नळी जराही हलत नव्हती. रॉइस लहान पोरासारखा हरखला. "आणि नेम कालच जुळवलाय. वाळूच्या पोत्यावर बंदूक ठेवून. गोळीला गोळी चिकटून!"

पोत्यावर, म्हणजे पट्ट्याशिवाय. त्या जुन्या बंदुकीची पट्टा अडकवायची पुढची कडी थेट नळीलाच होती. पट्टा ताणला की नळी खाली ओढली जाणार आणि गोळी खाली जाणार. असल्या बंदुकीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वेल्डा दटावून सांगायची, पट्टा ताणून नेम पुन्हा जुळव, मगच डोंगर चढ. आज तिने तोंड मिटून घेतलं. जाऊ दे गोळी मेंढ्याच्या पायाखालून. बस म्हणावं मग जन्मभर कुढत!

त्यानंतर कितीतरी दिवस तिला जेवण गोड लागलं.

रॉइस परत आला तो रिकाम्या हातांनी. वेल्डाने मुद्दाम कॉफी ओतली. "काय रे, शिंगं कुठायत? दरवाजातून मावली नाहीत का?"

"लागली गं गोळी. पण खाली लागली. पोटात." त्याने कपाला हातही लावला नाही. "कड्यापलीकडे गेला. काल अंधार पडेपर्यंत शोधला. सापडला नाही."

पोटात. खाली म्हणजे पोट, हे वेल्डाला काय माहीत नव्हतं? हरणं सोलण्यात जन्म गेला तिचा. रागाच्या भरात तेवढं सुचलं नव्हतं. रॉइसबद्दल तिला अजूनही कणभर दया नव्हती. पण त्या मेंढ्याने तिचं काय वाकडं केलं होतं?

तिने कोट चढवला, भिंतीवरची आपली बंदूक काढली.

"कुठला कडा?"

"आता कशाला? मेला असेल एव्हाना."

"डस्टी लगेच मेलं होतं का रे?"

रॉइसची मान खाली गेली. मग दारातून बोट करून त्याने कडा दाखवला आणि तिच्यामागून निघाला.