शेरा: चालेल

आमच्या कारखान्यात शिंप्यांच्या कात्र्या बनतात. गेली चाळीस वर्षं इथली प्रत्येक कात्री काकांच्या कानाजवळ एकदा उघडून मिटते. पाती टोकापर्यंत एका सुरात मिटली, की काका म्हणतात, "चालेल." याहून मोठी शाबासकी त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. माझा पहिला नंबर आला तेव्हाही "चालेल"च मिळालं होतं.

यंत्रावरच्या स्वस्त कात्र्यांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा दादानं ऑफिसच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला. आठवडाभर डोकेफोड करून म्हणाला, "स्वस्ताईत आपला टिकाव लागणार नाही. परदेशात आपण काकांचा कान विकायचा. प्रत्येक कात्रीसोबत तपासणाऱ्याचा शेरा, त्याच्या सहीनं. तिकडे असं कुणी देत नाही."

मला अगदी पटलं. काकांनी तीनशे कात्र्या पास केल्या, तीनशे चिठ्ठ्यांवर "चालेल" लिहून सह्या ठोकल्या. मी एक चिठ्ठी अनुवादकाकडे पाठवली आणि आलेला शब्द सगळ्यांवर छापून घेतला. त्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि विचारायचंही सुचलं नाही.

माल पाठवल्यावर महिन्यानं तिकडच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं. दादानं ते मला वाचून दाखवलं. तुमचाच तपासनीस प्रत्येक कात्रीला कामचलाऊ म्हणतो, मग चढ्या भावानं आम्ही ती का घ्यावी? आम्ही दुसरीकडे करार केला आहे.

"एकदा मला विचारायचंस तरी," दादा म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बत्तीस माणसं काम करत होती आणि मला जिना उतरायची लाज वाटत होती.

मी दोनदा खुलासा पाठवला. करार झाला तो झाला. आता एकच व्यापारी उरला होता, आणि त्याच्याकडे पन्नास नमुने आज दुपारच्या गाडीनं जायला हवे होते. ते गेले नाहीत तर कारखान्याला टाळं.

"काका, या वेळी 'उत्तम' लिहा."

"का गं? चालेल म्हटलं की झालं की."

मी सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले. "म्हणजे माझ्या शब्दानं घात केला."

"तुमच्या नाही, माझ्या अकलेनं."

त्यांनी पहिली कात्री कानाशी मिटली. टोकाशी पातं अडखळलं, मलासुद्धा ऐकू आलं. एरवी अशी कात्री ते मुकाट्यानं मागे पाठवतात, स्क्रू पुन्हा बसवायला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बाकांवर वाकलेल्या माणसांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"उत्तम," ते म्हणाले, आणि तसं लिहून सही केली.

पुढच्या कात्रीवरही त्यांनी उत्तम लिहिलं. ती कानाला लावलीच नाही.