मळ दिसणारा रंग

"लाल न्या की," रंगवाला म्हणाला. "हल्ली सगळे लालच लावतात. चाकाच्या आतून कसा झळकतो."

"चोवीस वर्षांच्या गाडीला ब्रेकचे लाल कॅलिपर म्हणजे म्हाताऱ्याला गॉगल," फोरमन म्हणाले आणि काउंटरवरचे डबे एकेक करून बाजूला सारू लागले. साध्या इनॅमलला त्यांनी हातही लावला नाही. सायलेन्सरला मारायचा स्प्रे उष्णता सोसतो, पण ब्रेक ऑइलचा थेंब पडला की त्याची साल निघते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. बसच्या वर्कशॉपमध्ये, ब्रेक विभागात, त्यांची एकतीस वर्षं गेली होती. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कॉलनीत त्यांना फोरमनच म्हणत. आणि त्यांच्या बायकोला, हॉस्पिटल सुटलं तरी, सिस्टर.

शेवटी त्यांनी हार्डनर मिसळायचा डबा उचलला. एकदा मिसळला की दोन तासांत संपवावा लागतो, पण मग दगडासारखा बसतो.

"रंग कोणता देऊ?"

फोरमननी मागे पाहिलं. सिस्टर दुकानाच्या दारात पिशवी धरून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

"तू सांग."

"मी काय सांगू? माझा काय संबंध त्या गाडीशी?"

रंगवाला हसला. फोरमन हसले नाहीत.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली होती. साखरेमुळे उजव्या पायाची जाणीव गेली होती. पॅडलवर पाय आहे की नाही, हे खाली वाकून बघावं लागे. "विकून टाका, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "तुझी आई चालवेल," असं ते बोलून गेले, तेव्हा पलीकडून हसू आलं. "आई?"

सिस्टर काउंटरपाशी आल्या. रंगांच्या पट्टीवरून बोट फिरवत एका फिक्या राखाडीवर थांबल्या. "हा द्या."

"यावर मळ दिसेल, सिस्टर. आठ दिवसांत काळा पडेल."

"दिसू दे. हॉस्पिटलात चादरी पांढऱ्या का असतात? डाग पडला की लगेच कळावा म्हणून." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऑइल गळायला लागलं तर फिक्यावर लवकर दिसेल ना?"

"दिसेल," फोरमन म्हणाले. जन्मभर ब्रेक केले, पण हे त्यांना सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि पुढची दोन्ही चाकं काढली. फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी जबड्यासारखा धरून थांबवणारा तो लोखंडी कॅलिपर गंजून तपकिरी झाला होता. नळी न सोडवता त्यांनी तो खाली उतरवला, तारेनं टांगला आणि तारेच्या ब्रशनं घासायला लागले. थोड्या वेळानं सिस्टर चहा घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

"या रबराला रंग लागलेला चालतो का?"

"अजिबात नाही. तिथं टेप लावायचीय."

फोरमनच्या बोटांना टेप जुमानत नव्हती. सिस्टरनी ती काढून घेतली आणि रबराभोवती अशी वळवली की सुरकुती नाही, फट नाही.

"बँडेज बांधतेस की काय?"

"मग? पेशंट तुमचाच आहे. निदान ओरडत तरी नाही."

रंगही मग त्यांनीच लावला. पातळ हात, मध्ये थांबून दुसरा हात. ही नळी कुठून येते, हा पिस्टन कशानं पुढे सरकतो, असं त्या विचारत राहिल्या आणि फोरमन सांगत राहिले. सांगता सांगता त्यांच्या मनात आलं, हिला हे सगळं पूर्वीच सांगता आलं असतं. ती विचारत होती की तेव्हाही.

बावीस वर्षांपूर्वी सिस्टरनी लायसन्स काढलं होतं. सकाळच्या पाळीला दोन बस बदलून जावं लागे, म्हणून. चार महिने छान चालवली. मग एका रविवारी अंगणातून गाडी काढताना ती थेट कॉलनीच्या फाटकाच्या खांबावर गेली. दिवा फुटला, बॉनेट चेपलं. लागलं कोणाला नाही, पण माणसं जमली. "ब्रेक दाबला होता मी," त्या सांगत होत्या. "ब्रेक दाबला असतास तर थांबली असती," फोरमन सगळ्यांसमोर म्हणाले. "ब्रेकवाल्याची बायको आणि ब्रेक सापडत नाही." लोक हसले. ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं कॉलनीत फिरलं. सिस्टर पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या नाहीत.

रंग दिवसभर वाळू दिला. तिसऱ्या दिवशी फोरमननी पिस्टन दाबून आत ढकलले, चकतीवर दाबणारे पॅड बसवले, कॅलिपर चढवले, चाकं लावली. आता एकच काम उरलं होतं. ते काठीनं, हातानंही करता आलं असतं. तरी ते म्हणाले, "जरा आत बसून ब्रेक दाबतेस?"

आपण असं का म्हणालो, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही.

सिस्टरनी चपला काढल्या, आत बसल्या आणि पाय दाबला. पॅडल कसलाही विरोध न करता थेट खाली टेकलं.

त्या तशाच बसून राहिल्या. पाय खालीच.

"अहो, हे असंच झालं होतं."

फोरमन दाराला धरून उभे होते. काहीही सांगता आलं असतं. जुनी गाडी आहे, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"पिस्टन आत ढकलले की असं होतं," ते म्हणाले. "गाडी हलवायच्या आधी चार-पाच वेळा पॅडल मारून घ्यावं लागतं. मग ते घट्ट होतं."

"मग तेव्हा?"

"आदल्या संध्याकाळी मी पॅड बदलले होते. पॅडल मारायचं राहिलं."

सिस्टरनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला. दुसऱ्यांदा थोडं वर अडलं. तिसऱ्यांदा आणखी वर.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. लोक पांगल्यावर गाडी मागे घ्यायला बसलो तेव्हा."

चौथ्यांदा पॅडल घट्ट लागलं. तरी त्या दाबतच राहिल्या.

"माझ्या आईच्या शेवटच्या वेळी तुम्ही बाहेरगावी ब्रेकडाउनला गेला होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गाडी इथंच उभी होती. मी तीन बस बदलून गेले, चार तास लागले. पोचले तेव्हा तिला जाऊन तास झाला होता. बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या देत होते, की एवढी साधी गोष्ट मला जमली नाही."

"चुकलं माझं."

"पॅडल मारायचं विसरलात, ती चूक. माणसाकडून होते." त्या गाडीतून उतरल्या, चपला पायात सरकवल्या. "पुढचं सगळं चूक नाही हो."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत होता.

त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. भांडण झालं असतं तर फोरमनना बरं वाटलं असतं. चहा वेळेवर येई, औषधाच्या गोळ्या वाटीत काढलेल्या असत. पण पुढच्या आठवड्यात सिस्टर एकट्या जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या. "साठीच्या बाईला शिकवता ना?" एवढंच विचारलं म्हणे. परीक्षा देऊन नवं लायसन्स हातात यायला दोन महिने लागले. त्या काळात फोरमननी तीनदा सांगितलं, "मी शेजारी बसतो." तिन्ही वेळा उत्तर आलं, "नको. तिथले सर आहेत."

लायसन्स आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला, त्या निघाल्या. कुठं ते सांगितलं नाही. फोरमननी खिडकीतून पाहिलं. गाडी न अडखळता फाटकातून बाहेर पडली, वळणावर थांबली आणि दिसेनाशी झाली.

दुपार गेली. फोरमननी त्यांना जमेल तसा भात लावला, भाजी गरम केली आणि ताट झाकून ठेवलं. चारच्या सुमाराला दार उघडलं. सिस्टरनी हातपाय धुतले, टेबलाशी बसून ताटावरचं झाकण काढलं.

"आईच्या गावी जाऊन आले," त्या म्हणाल्या. "घर पाडलंय. काही नाही तिथं."

फोरमननी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"किती वेळ लागला?"

त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, सावकाश चावला.

"पावणेदोन तास."

मग त्या खाली बघून जेवत राहिल्या. भात थोडा कच्चा राहिला होता. समोरून उठावं की बसून राहावं, हे फोरमनना कळेना.