फाइव्ह नाइन

नंदू देवधर रेडिओच्या बाबतीत अगदी सोवळ्यातला माणूस. हौशी रेडिओवाल्यांत एक रीत आहे: समोरच्याचा आवाज कसा पोचतोय ते आकड्यांत सांगायचं. दोघांनी एकमेकांना रिपोर्ट दिला की संपर्क झाला. आणि बहुतेक मंडळी आवाज येवो न येवो, सरसकट ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे खणखणीत, असं ठोकून मोकळी होतात. नंदूला याची भयंकर चीड. ऐकू आलं नाही तर संपर्क झालाच नाही, हे त्याने मुलीलाही लहानपणापासून घोटून घोटून शिकवलं होतं. कतारमधल्या अल खोरच्या त्यांच्या व्हिलात याच विषयावर जेवणं गार झालेली आहेत.

तीच मुलगी, नुपूर, आज जॉर्जियातल्या एका बर्फाच्या डोंगराच्या माथ्यावर बसली होती. थंडीत निम्मं दोहा जॉर्जियाला बर्फ बघायला जातं, फोटो काढतं आणि परत येतं. हिने सॅकमध्ये छोटा रेडिओ, बॅटरी, एक लांब काठी आणि तार घालून शिखर गाठलं होतं. “आय ॲम नॉट कमिंग डाउन टिल आय गेट यू, बाबा,” असं एअरपोर्टवर बजावून गेली होती. तेव्हा नंदूची छाती फुगली होती. बापाची जिद्द पोरीत उतरली, दुसरं काय!

शुक्रवारची दुपार. नंदू मागच्या खोलीत हेडफोन लावून बसला होता आणि नुसती खरखर ऐकत होता. शेजाऱ्यांनी बागेत नवे दिवे लावले होते, ते दिवसाढवळ्याही चालूच असत; त्यांची ही कृपा. मधूनच नुपूरच्या आवाजाचं एखादं टोक वर यायचं आणि बुडायचं. युरोपातले डझनभर लोक मात्र तिला धडाधड हाका मारत होते. शिखरावरचं स्टेशन म्हणजे सगळ्यांनाच हवं असतं.

तेवढ्यात त्याची बायको नीता फोन घेऊन धावत आली. स्पीकरवर तबिश होता, नुपूरच्या ऑफिसमधला मित्र. तो खालच्या खिंडीत थांबला होता.

“अंकल, ढग बहुत तेज आ रहे हैं. गाइड ऊपर निकला है, लेकिन टाइम लगेगा. नुपूर का फोन नहीं लग रहा. उसको रेडिओ पे बोलो, अभी उतरे! रिज पे व्हाइट-आउट हो गया तो रास्ता नहीं दिखेगा, एक साइड पूरा कडा है.”

‘कडा’ हा शब्द तो बहुधा नुपूरकडूनच शिकला असावा. नंदूने माइक उचलला, आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगितलं आणि ओरडला, “नुपूर, वेदर खराब आहे, खाली उतर! ताबडतोब!”

त्याच्यावर चार जण एकदम बोलले. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा गलका. त्या गोंधळात एक इटालियन तेवढा स्वच्छ ऐकू आला. म्हणाला, “कतार, तिला फक्त तुझं कॉलसाइन कळलंय. तुझा रिपोर्ट मागतेय. फक्त तुझ्यासाठी थांबलीय म्हणते.”

“तिला सांग, खाली उतर म्हणावं! वादळ येतंय!” नंदू इंग्रजीत किंचाळला. पण तोवर इटालियनही खरखरीत बुडाला.

“अहो, काहीतरी करा ना,” नीता म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ती बाहेर पळाली, शेजारच्या दारावर थापा मारायला लागली. दिवे बंद करा, प्लीज, लाइट्स ऑफ.

नंदूने हेडफोन कानावर दाबून धरले. काहीच नाही. पोरीचा आवाज औषधालाही नाही. ती मात्र तिथे बर्फात बसून बापाच्या आकड्यांची वाट बघत होती, कारण बापानेच तसं शिकवलं होतं. स्वतःच्या तत्त्वाचा इतका संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता. लांबलचक निरोप त्या गलक्यातून जाणार नाही हे उघड होतं. आकडे जातील. आकड्यांसाठीच तिचे कान टवकारलेले असणार.

त्याने सगळ्यांचा श्वास घ्यायचा एक क्षण गाठला. “नुपूर, यू आर फाइव्ह नाइन. फाइव्ह नाइन!”

आणि पुढे ठार शांतता. युरोपवाले थोडा वेळ हाका मारत राहिले. मग एकेक करून निघून गेले. ती आवरून निघाली, की बॅटरी गेली, की पाय घसरला, कळायला मार्ग नव्हता. नीता परत आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात धरला. तबिशचा फोन लागत नव्हता. नंदू मनातल्या मनात देवाशी भांडत होता.

अंधारून आलं तेव्हा फोन वाजला.

“आय ॲम डाउन, बाबा,” नुपूर धापा टाकत म्हणाली. “गाइड रिजवर भेटला. दोन मिनिटांनी काहीच दिसेना. लिटरली नथिंग. माझा पूर्ण अँटेना वरच राहिला.”

नीता रडायलाच लागली.

“बट बाबा, फाइव्ह नाइन? तू? तू कधीच कोणाला देत नाहीस. आर यू शुअर तुला ऐकू आलं?” ती थांबली. “बिकॉज इफ यू डिडन्ट, इट डझन्ट काउंट. मग मी संडेला परत वर जाते.”

नंदूने डोळे पुसले. नीता त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“खणखणीत ऐकलं,” तो म्हणाला.

“मग मी शेवटी काय म्हटलं?”

“‘येते’ म्हणालीस.”

पलीकडे वारा घोंघावत होता. रेडिओवर मराठीचा एक शब्दसुद्धा न बोलणारी ती पोरगी मग हळूच म्हणाली, “हो, बाबा. तेच म्हटलं.”