फडक्यांचं बोचकं

म्हातारीने काठीच्या टोकाने जळकं फडकं उचललं आणि धाकट्या सुनेच्या तोंडासमोर धरलं.

"घे, बघ आपला पराक्रम."

लाकडावर जवसाचं तेल चोळायच्या फडक्यांनी सकाळीच पेट घेतला होता आणि पॉलिशच्या खोलीची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. बंब अजून फाटकात होता, तेवढ्यात म्हातारीने निकाल देऊन टाकला: उद्यापासून हिने कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. धाकटीच्या हाताखाली लाकूड उजळायचं, हे म्हातारीलाही कबूल होतं. पण नुसता हात काय चाटायचाय? डोकं नको?

आग तपासायला आलेला माणूस कागद भरत होता. म्हातारीच्या मुलाने त्याच्या खांद्यावरून डोकावून एक इंग्रजी शब्द अडखळत वाचला, स्पॉन्टेनियस. म्हणजे काय रे, म्हातारीने विचारलं. मनात आलं की झटकन करून मोकळं होणं, तो म्हणाला.

"मग बरोबर लिहिलंय. हिचंच वर्णन आहे ते."

तपासनीस लिहिता लिहिता थांबला. चारचौघांत बोलताना तसं असेल, म्हणाला, आमच्या कामात त्याचा अर्थ एवढाच की बाहेरून कुणी काडी लावली नाही. झटकन तर नाहीच नाही. तेल सुकताना गरम होतं. फडकी मोकळी पसरली तर ऊब उडून जाते. गच्च बांधून ठेवली की तासन् तास आतल्या आत साठत राहते, आणि मग पेटतं.

"आपोआप काही होत नसतं," म्हातारी फणकारली. "दूध उतू जातं ना, तेव्हाही खाली कुणीतरी जाळ केलेला असतो."

"म्हणूनच विचारतो, आजी. बोचकं कुणी बांधलं?"

मुलगा आपल्या चपलांकडे बघू लागला. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी फडकी दोरीवर एकेक पसरायची. हा कारखाना आहे की धोबीघाट, असं म्हणून म्हातारीने ती ओढून काढली होती. तेव्हापासून रोज कामं आटोपली की म्हातारी स्वतः बोचकं वळायची आणि दातांनी गाठ आवळायची.

"मी बांधलं," धाकटी म्हणाली.

तपासनीस कागदावर वाकला. म्हातारीची काठी फरशीवर आपटली.

"खोडा ते," ती त्याच्यावर कडाडली. "हिला धड गाठ तरी मारता येते का?"