बटण आधी, पैसे मागून

आमच्या दुकानात फक्त बटणं मिळतात, आणि तीही सुटी. कोटाचं एखादं बटण हरवलं की माणूस उरलेल्या बटणाचा फोटो पाठवतो, आत्या तिच्या एकशे चाळीस खोक्यांतून त्याचा जुळा भाऊ हुडकून काढते आणि आम्ही तो पाकिटात घालून टपालाने धाडतो. दुकान म्हणजे एक खोली, एक टेबल आणि इंटरनेट. आत्या चाळीस वर्षं शिंपीण होती आणि तेवढ्या काळात तिने एकही बटण टाकून दिलं नाही. बटणाची किंमत दोन कप चहाएवढी. त्यावर आम्ही दोघी अकरा वर्षं ताठ मानेने जगत होतो.

एका सोमवारी कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने आमचं खातं बंद केलं. मी फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे बारीक रकमांचे फार व्यवहार होतात. चोरीचं कार्ड चालतंय का बघायला चोर असंच करतात."

"अहो, मी बटणं विकते!"

"सिस्टिमला तसं दिसत नाही, मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही, आणि मी चोर!

पुढचे चार दिवस मी दारोदार फिरले, अर्थात खुर्चीत बसूनच. एका कंपनीला भलीमोठी अनामत हवी होती. दुसरीला इतक्या लहान रकमा घेणं परवडत नव्हतं. तिसरीने अर्ज ठेवून घेतला आणि सहा आठवड्यांनी कळवतो म्हणाली. सहा आठवडे होते कुणाकडे? खोली माझ्या थोरल्या भावाची. दादाचा खुर्च्यांचा व्यापार आहे आणि गोदामासाठी त्याचा या खोलीवर कधीपासून डोळा होता.

"महिनाअखेरपर्यंत धंदा सुरू झाला तर ठीक," तो म्हणाला, "नाहीतर मी माप घ्यायला येतो. एकेक बटण विकून कुणी जगतं का गं?"

हे बोलताना त्याच्या स्वतःच्या कोटाचं मधलं बटण गायब होतं, आणि तेही दोन हिवाळे. आत्या त्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत राहिली. खोली गेली तर तिची खोकी भंगारात जाणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी सुचलं ते अगदी साधं. गिऱ्हाइकाने आपल्या बँकेतून थेट आमच्या बँकेत पैसे भरावेत, मधे कुणी नको. अडकून पडलेल्या शहाऐंशी ऑर्डरींसाठी मी चिठ्ठ्या छापल्या. वर बटणाचा फोटो, खाली खात्याचा नंबर आणि एक ओळ: 'पैसे मिळताच बटण पाठवू.' चिठ्ठ्या एकदा तपासायच्या आणि मग तोच मजकूर सगळ्यांना ईमेल करायचा, असा बेत होता. गठ्ठा टेबलावर ठेवून मी खात्याची चौकशी करायला बँकेत गेले आणि दिवसभर तिथेच अडकले.

परत येऊन बघते तो टेबल चकाचक.

"झालं गं सगळं," आत्या हात पुसत म्हणाली. "शहाऐंशीच्या शहाऐंशी. टपालात टाकूनसुद्धा आले."

मी कपाळाला हात लावला. चूक तिची नव्हतीच म्हणा. टेबलावर कागद आला म्हणजे पैसे आले, हा आमचा अकरा वर्षांचा नियम. ती कागदावरचा फोटो तेवढा बघायची, बटण शोधायची आणि कागदासकट पाकिटात घालायची. पण मी भडकलेच.

"तुला वाचता येत नाही का?"

"येतं की. पण आजवर वाचायची वेळ कुठे आली?" मग म्हणाली, "शिवणकाम करायचे तेव्हा मी कुणाकडून आधी पैसे घेतले नाहीत कधी. घालून बघ, बसलं तर दे. चाळीस वर्षांत दोघांनीच बुडवलं, आणि त्यातला एक तुझा काका."

तीन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझा फोन टिंग वाजला. कुणीतरी पैसे भरले होते, सोबत निरोप: 'बटण माझ्या हातात आहे आणि तुम्ही म्हणता पैसे मिळाले की पाठवू! हसून पुरेवाट झाली. दोन बटणांचे भरलेत.' दुपारपर्यंत फोन अकरा वेळा वाजला. आठवड्याभरात शहाऐंशीपैकी त्र्याऐंशी जणांचे पैसे आले. मी आत्याच्या गळ्यात पडले, माफी मागितली आणि दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बटण आधी. शिवून बघा. जुळलं तर पैसे.' ऑर्डरी दुपटीने वाढल्या.

मग वरातीमागून घोडं आलं. गोड आवाज म्हणाला, "मॅडम, तुमचं खातं पुन्हा सुरू करतोय. फी थोडी वाढेल."

"नको. तुमच्या सिस्टिमला सांगा, चोर सुधारला." फोन ठेवताना मला जे वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, पण मी खोलीत दोनदा गिरकी घेतली एवढं खरं.

महिनाअखेरीला दादा टेप घेऊन हजर. धंदा सुरू झालाय म्हटलं तर त्याचा विश्वास बसेना. "चार दिवसांची गंमत आहे ही," म्हणत त्याने भिंतीला टेप लावला. टिंग. त्याने आकडा पुटपुटला. टिंग, टिंग. आकडा विसरला, पुन्हा टेप लावला. टिंग.

"कोट काढ," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"काढ म्हणते ना!"

तिने न शोधता एका खोक्यात हात घातला, कारण ते बटण तिने दोन हिवाळ्यांपूर्वीच बघून ठेवलं होतं. पाच मिनिटांत शिवून दिलं आणि खिशात चिठ्ठी सरकवली.

"घरच्या माणसाकडूनही पैसे?"

"बसलं तर दे. नाहीतर राहू दे."

दादाने बटण लावलं, काढलं, परत लावलं. मग जिना उतरून गेला. टेप टेबलावरच राहिला.

टिंग. दादाचे पैसे, एका बटणाचे. खाली लिहिलं होतं, 'गोदामाला दुसरी जागा बघतो.'

मी आनंदाने ओरडलेच. आत्याने मात्र चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं.

"शिलाई बुडवली," ती म्हणाली. "काकावर गेलाय."